निळ्या लेझरची लढाई: जिंकलं कोण, पैसे कुणाचे गेले?

२००८ मध्ये तुमच्या ग्रुपमध्ये पाच जण असतील, तर पाचांचे मिळून चार्जर किती प्रकारचे होते ते एकदा आठवा. नोकियाची जाड पिन, नोकियाचीच बारीक पिन, सोनी एरिक्सनचं ते चपटं प्रकरण. मेमरी कार्डाचीही तीच गत. बाकीच्यांना मायक्रो एसडी चालायचं, पण वॉकमन फोन घेतलात की सोनीचं एम-टू कार्ड शोधत फिरावं लागायचं. हे असं का, हा प्रश्न आपल्याला बॅटरीची शेवटची काडी उरल्यावरच पडायचा. चार्जर मिळाला की आपण तो विसरायचो.

कंपन्या मात्र तो विसरत नाहीत, कारण त्या प्रश्नात त्यांचे हजारो कोटी अडकलेले असतात. त्यातल्याच एका भांडणाचा निकाल २००८ मध्ये लागला. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी टोकियोत पत्रकार परिषद घेऊन 'एचडी डीव्हीडी'चा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. मार्चअखेरपर्यंत दुकानांना माल पाठवणं थांबणार होतं. म्हणजे सोनी आणि तिच्या मित्रमंडळींची 'ब्लू-रे' जिंकली. डीव्हीडीची जागा कोण घेणार, यावरून दोन वर्षं बाजारात आणि त्याआधी चार वर्षं बंद खोल्यांत चाललेली मारामारी संपली.

बातमी बहुतेक ठिकाणी टेक्नॉलॉजीच्या पानावर आली, आणि 'सरस तंत्रज्ञान जिंकलं' असा तिचा सूर होता. मला तो पटत नाही. या लढाईत तंत्रज्ञानानं फार थोडं ठरवलं, आणि गिऱ्हाइकाला तर शेवटपर्यंत कुणी काही विचारलंच नाही.

आधी भांडण कशावरून होतं ते बघू. परीक्षेत चिठ्ठ्या करणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही. जाड टोकाच्या पेननं एवढ्याशा कागदावर दोन व्याख्या बसतात, बारीक टोकाचं पेन घेतलं की अख्खं चॅप्टर बसतं. चकतीचंही तसंच आहे. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लाल लेझरची ६५०, आणि या नव्या निळ्या-जांभळ्या लेझरची ४०५. टोक बारीक झालं, म्हणून त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीत कितीतरी जास्त माहिती मावायला लागली. आपल्या नेहमीच्या डीव्हीडीत एका थरात ४.७ जीबी बसतात. एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५. दोन थर केले की अनुक्रमे ३० आणि ५०.

एवढी जागा कशाला? तर हाय डेफिनिशन सिनेमासाठी. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, फुल एचडीचं १९२० बाय १०८०. कॅल्क्युलेटर काढा, ठिपके पाच पट भरतील.

या निळ्या प्रकाशामागे एक माणूस आहे, त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबू. शिकोकू बेटावरच्या निचिया नावाच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीत शुजी नाकामुरा काम करायचे. मोठमोठ्या प्रयोगशाळांना न जमलेला झगझगीत निळा एलईडी त्यांनी १९९३ मध्ये करून दाखवला, पुढे निळा लेझरही. कंपनीनं त्यांना पेटंटबद्दल बक्षीस दिलं २०,००० येन. २००८ च्या दरानं सात-आठ हजार रुपये. नाकामुरा कोर्टात गेले. कोर्टानं २००४ मध्ये २,००० कोटी येन द्या म्हणून सांगितलं, आणि वरच्या कोर्टात शेवटी ८४ कोटी येनवर तडजोड झाली. पुढे भांडणारे दोन्ही पक्ष निळ्या प्रकाशाचीच शोभा मिरवत होते. इंजिनीअरिंगवाल्यांनी ही गोष्ट प्लेसमेंटच्या करारावर सही करण्याआधी वाचून ठेवावी.

तर लेझर दोघांचा एकच. चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीही दोघांना त्याच चालायच्या. फरक होता तो माहिती चकतीच्या पृष्ठभागापासून किती खोल ठेवायची यात. तोशिबानं डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर खोली ठेवली. फायदा हा की डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांना जुन्याच यंत्रांत थोडा बदल करून काम भागवता येणार होतं. सोनीच्या गटानं माहिती अगदी वर, ०.१ मिलिमीटरवर आणली. त्यानं जागा वाढली, पण कारखान्यांना नवी यंत्रं घ्यावी लागणार होती, आणि ओरखड्यांपासून जपायला खास कडक लेप शोधावा लागला. एकाची चकती स्वस्त, दुसऱ्याची मोठी. सिनेमा बघणाऱ्याला डोळे मिटून दोन्हींतली एक लावून दिली, तर कुठली कुठली हे सांगता आलं नसतं. उलट सुरुवातीच्या काही ब्लू-रे चकत्यांचं चित्र एचडी डीव्हीडीपेक्षा डावं असल्याची टीका समीक्षकांनीच केली होती.

मग दोघांनी मिळून एकच का नाही काढली? हाच प्रश्न डीव्हीडीच्या वेळीही आला होता.

१९९५ मध्ये सोनी आणि फिलिप्सकडे एक चकती होती, तोशिबा आणि टाइम वॉर्नरकडे दुसरी. तेव्हा मध्ये पडल्या कॉम्प्युटर कंपन्या. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या पुढाकारानं त्यांनी सांगून टाकलं की तुमचं एक काय ते ठरवा, तोपर्यंत आम्ही कुणाचीच घेणार नाही. दोन्ही गट झक मारत एकत्र आले, त्यातून डीव्हीडी झाली. रचनेचा मोठा भाग तोशिबाच्या बाजूचा होता. त्यातला पैसा कुठे होता बघा. जगात कुठेही, कुणीही डीव्हीडी प्लेअर बनवला की पेटंटवाल्यांना रॉयल्टी द्यायची. प्लेअर तुमचा, कामगार तुमचे, दुकान तुमचं, आणि प्रत्येक नगावर वाटा त्यांचा. चिनी कंपन्यांनी जगभर स्वस्त प्लेअर विकायला सुरुवात केली, तेव्हा याच रॉयल्टीवरून मोठा तंटा झाला. चीननं तर चिडून २००३ मध्ये स्वतःची ईव्हीडी नावाची वेगळी चकती जाहीर केली होती. ती फारशी चालली नाही, पण राग खरा होता.

डीव्हीडीच्या वेळी कमी वाटा मिळालेल्या सोनीला पुढची चकती आपली हवी होती. जास्त वाटा मिळालेल्या तोशिबाला तो सोडवत नव्हता. फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग, एलजी वगैरे नऊ कंपन्यांनी ब्लू-रे जाहीर केली. तोशिबा आणि एनईसी आपली चकती घेऊन डीव्हीडी फोरमकडे गेल्या. २००५ मध्ये समेटाची बोलणी झाली आणि फिसकटली. ०.१ की ०.६, यावर कुणी मागे हटेना. बाहेरून बघणाऱ्याला तो अर्ध्या मिलिमीटरचा वाद वाटला असेल, पण त्या अर्ध्या मिलिमीटरमागे पुढची दहा वर्षं घरबसल्या येणारं भाडं होतं. या वेळी दम देणारं मधे कुणी उरलं नव्हतं, कारण कॉम्प्युटर कंपन्यांमध्येच फूट पडली होती. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल तोशिबाकडे गेल्या, डेल, एचपी आणि अ‍ॅपल सोनीकडे.

सोनीचा जुना जखमी गुडघा

आपल्या मास कॉमच्या वर्गात 'फॉरमॅट वॉर' म्हटलं की बेटामॅक्सचं उदाहरण येतंच. सोनीनं १९७५ मध्ये बेटामॅक्स आणली, जेव्हीसीनं वर्षभरानं व्हीएचएस. बेटाच्या पहिल्या कॅसेटमध्ये तासभराचं रेकॉर्डिंग व्हायचं, व्हीएचएसमध्ये दोन तासांचं. सिनेमा तासात संपत नाही, आपला तर मध्यंतरही तासाच्या पुढेच होतो. शिवाय जेव्हीसीनं आपलं तंत्र इतर कंपन्यांना हात सैल सोडून वापरायला दिलं. सोनीनं १९८८ मध्ये स्वतःच व्हीएचएस यंत्रं काढायला घेतली, म्हणजे हात टेकले.

या पराभवातून 'चांगलं तंत्रज्ञान हरतं' हा धडा लोक काढतात. सोनीनं काढलेला धडा जास्त व्यवहारी होता. यंत्र विकायचं तर त्यात घालायला लागणारा सिनेमा आपल्या हातात हवा. १९८९ मध्ये सोनीनं कोलंबिया पिक्चर्स हा हॉलिवुडचा स्टुडिओच ३.४ अब्ज डॉलरला विकत घेतला. पुढे २००५ मध्ये एमजीएमच्या खरेदीतही ती सामील झाली. त्यामुळे ब्लू-रे बाजारात आली तेव्हा स्पायडरमॅन आणि जेम्स बाँड सोनीच्या घरचेच होते. तोशिबाकडे प्लेअर होता, पण सिनेमा दुसऱ्यांकडून मागून आणावा लागणार होता. माझ्या मते निम्मी लढाई इथेच झाली होती.

उरलेली निम्मी प्लेस्टेशन ३ नं केली. एचडी डीव्हीडी अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये आली, प्लेअर ४९९ डॉलरला. दोन महिन्यांनी सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. डॉलरला ४० रुपये धरले तर एक २० हजारांचा आणि एक ४० हजारांचा. कुणीही डोकं ठिकाणावर असलेला माणूस पहिला घेईल. पण नोव्हेंबरमध्ये सोनीनं प्लेस्टेशन ३ काढलं आणि त्याच्या पोटात ब्लू-रे ड्राइव्ह बसवून दिला. तुम्हाला हवा असो वा नसो, गेम घेतलात की ब्लू-रे घरात आली. त्या ड्राइव्हमुळे यंत्र महाग झालं, उशिरा आलं, आणि सोनीनं ते तोट्यात विकलं. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला खरा, पण वेगळा, २०० डॉलर वर मोजून घ्यायचा. फुकट आलेली वस्तू आणि मुद्दाम जाऊन विकत घ्यायची वस्तू यातला फरक मोठा असतो. लढाई संपली तेव्हा जगभरात एचडी डीव्हीडीची यंत्रं, एक्सबॉक्सचे ड्राइव्ह धरून, साधारण दहा लाख होती. प्लेस्टेशन ३ एकटंच एक कोटीच्या घरात होतं.

यातली गंमत अशी की प्लेस्टेशन ३ चा मेंदू असलेली 'सेल' चिप सोनी, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून बनवलेली आहे. हो, तोशिबा. ज्या यंत्रानं तिची चकती मारली, त्याच्या चिपवर तिचेच इंजिनीअर राबले होते. आणि २००८ मध्ये नागासाकीतली ती चिप बनवायची यंत्रसामग्री तोशिबानंच सोनीकडून विकत घेतली. आपण इकडे सोनीवाले आणि तोशिबावाले म्हणून ब्लॉगांवर एकमेकांची डोकी फोडत होतो.

गिऱ्हाइकाची अवस्था मात्र वाईट होती. तुम्हाला जेसन बोर्न आवडतो? युनिव्हर्सल स्टुडिओ फक्त एचडी डीव्हीडीवर. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन? डिस्ने फक्त ब्लू-रेवर. फॉक्सही तिकडेच. दोन्ही हवेत तर दोन प्लेअर घ्या, टीव्हीमागे वायरींचं जंगल वाढवा. एलजीनं दोन्ही चालवणारा प्लेअर २००७ च्या सुरुवातीला काढला, त्याची किंमत १,२०० डॉलर. वॉर्नरनं तर एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी दुतोंडी चकती जाहीर केली होती. ती दुकानात कधी आलीच नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी अचानक ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडीवर यायचं ठरवलं. त्याबद्दल दोघांना मिळून रोख आणि प्रसिद्धीच्या हमीच्या रूपानं १५ कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी दिल्या. 'ट्रान्सफॉर्मर्स'चा दिग्दर्शक मायकेल बे तर इतका भडकला की त्यानं पुढचा भागच करणार नाही असं लिहून टाकलं. नंतर तो शांत झाला. (दिग्दर्शक नेहमी नंतर शांत होतात.) नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉलमार्टनं तोशिबाचा प्लेअर ९८.८७ डॉलरला लावला, म्हणजे चार हजार रुपयांच्या आत. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर तोशिबा जिंकतेय असंच मी म्हटलं असतं.

४६ दिवस

४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सनं जाहीर केलं की यापुढे आपले सिनेमे फक्त ब्लू-रेवर. तोवर वॉर्नर दोन्हींवर सिनेमे काढत होती आणि अमेरिकेच्या घरगुती व्हिडिओ बाजारात तीच सगळ्यात मोठी होती. लास व्हेगासमधलं इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन काही दिवसांवर होतं. एचडी डीव्हीडी गटाला तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द करावी लागली. वॉर्नर गेल्यावर हॉलिवुडचा साधारण ७० टक्के माल ब्लू-रेकडे झाला. तोशिबानं किमती निम्म्यावर आणल्या, पण चकत्याच मिळणार नसतील तर निम्म्या किमतीचा प्लेअर घेऊन करायचं काय, दाराला टेकू? ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, १५ ला वॉलमार्ट. ज्या दुकानानं तीन महिन्यांपूर्वी रांगा लावल्या होत्या, त्यानंच पाठ फिरवली. १९ ला तोशिबा थांबली, दोनेक दिवसांत पॅरामाउंट ब्लू-रेकडे परतही गेली. वॉर्नरची घोषणा ते तोशिबाची शरणागती, मोजून ४६ दिवस.

इथे १९९५ आठवा. डीव्हीडीच्या वेळी तोशिबाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती ती हीच वॉर्नर. डीव्हीडीच्या पेटंटांचा पैसाही दोघींनी मिळून खाल्ला. मग आता का सोडलं? वॉर्नरनं दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. ब्लू-रे चांगली म्हणून, असं नव्हतंच ते. दोन फॉरमॅटमुळे ग्राहक गोंधळलाय, तो काहीच विकत घेत नाहीये, आणि तिकडे साध्या डीव्हीडीचा खपही वाढायचा थांबलाय, हे ते कारण. चकत्यांच्या विक्रीत ब्लू-रे साधारण दोनास एक अशी पुढे होती, म्हणून तिच्या बाजूला जाऊन भांडण मिटवलं, इतकंच.

म्हणजे 'गिऱ्हाइकानं कौल दिला' असं म्हणायचंच असेल, तर तो विकत घेऊन नाही, विकत न घेऊन दिला. बहुतेक लोक हात बांधून बसले, यांचं काय ते ठरू दे म्हणाले. त्या बसून राहण्याला कंपन्या घाबरल्या. ज्यांनी उत्साहानं आधी घेतलं, त्यांच्या घरात मात्र मुकं यंत्र उरलं. ते जुन्या डीव्हीडी वाजवत राहणार होतं, घेतलेल्या एचडी चकत्याही वाजवणार होतं, पण नवा सिनेमा त्यात कधीच येणार नव्हता. या दहा लाखांत ब्लॉगवर भांडणारे हौशी असतील, तसे नाताळसाठी स्वस्त म्हणून उचलणारे साधे बापही असतील. दोन बलाढ्य कंपन्यांच्या रॉयल्टीच्या भांडणाचा प्रयोग त्यांच्या खिशावर झाला. जिंकलेल्यांच्या घरीही सगळं आलबेल नव्हतं. ब्लू-रेचे नियम बाजारात आल्यावरही बदलत राहिले. नोव्हेंबर २००७ पासूनच्या नव्या प्लेअरमध्ये ज्या सोयी असायलाच हव्या होत्या, त्या आधीच्या अनेक महागड्या प्लेअरमध्ये नव्हत्या. उलट एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला इंटरनेटची जोडणी पहिल्या दिवसापासून सक्तीची होती.

आता तुमच्या-आमच्या कामाचं. डीव्हीडीच्या डब्यामागे छोट्या पृथ्वीगोलात एक आकडा असतो, तो कधी बघितलाय? तो रिजन कोड. जगाचे तुकडे पाडून एका तुकड्यातली चकती दुसऱ्या तुकड्यातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून केलेली सोय, अर्थात स्टुडिओंची. डीव्हीडीत आपण ५ नंबरला, अमेरिका १ ला. न्यू जर्सीतल्या आत्येभावानं प्रेमानं आणलेली डीव्हीडी आपल्या प्लेअरवर 'चुकीचा विभाग' म्हणून रुसते, ती याचमुळे. आपल्या गल्लीतला मेकॅनिक रिमोटची चार बटणं दाबून प्लेअर 'मल्टिरिजन' करून द्यायचा ही गोष्ट वेगळी.

एचडी डीव्हीडीत रिजन कोड नव्हताच. अमेरिकेतली चकती इथे लावा, इथली तिथे. ब्लू-रेत तो आहे. अमेरिका 'ए' मध्ये, युरोप 'बी' मध्ये, भारत 'सी' मध्ये. प्रत्येक स्टुडिओ तो लावतोच असं नाही, पण लावायची सोय आहे. शिवाय कॉपी रोखायला ब्लू-रेत 'बीडी प्लस' नावाचं एक जास्तीचं कुलूप आहे, जे तोशिबाच्या चकतीत नव्हतं. फॉक्ससारख्या स्टुडिओंना ब्लू-रे आवडायचं हे एक मोठं कारण. एकाच रांगेत मांडा: स्वस्त प्लेअर, जुन्या यंत्रांवर छापता येणारी चकती, विभागाचं कुंपण नाही. हरली ती ही. निवड बघणाऱ्याची असती तर काय झालं असतं माहीत नाही, पण ती विकणाऱ्यांची होती, आणि त्यांनी आपल्या सोयीचं कुलूप निवडलं.

कुलपं टिकतात की नाही हा भाग निराळा. दोन्ही फॉरमॅटना मिळून असलेल्या एका कुलपाची ३२ अक्षरी किल्ली २००७ मध्ये फुटली. मेमध्ये 'डिग' या साइटनं कायद्याच्या भीतीनं ती काढायला सुरुवात केली, तेव्हा वाचकांनी ती इतक्या वेळा टाकली की पहिलं पान त्याच आकड्यांनी भरून गेलं, आणि शेवटी साइटनंच हात टेकले. लोकांनी तो आकडा टी-शर्टवर छापून घेतला. सीएसच्या मुलांना तो पाठ असेल, मी इथे लिहिणार नाही. संपादक मला अजून स्टायपेंड देतात.

आपल्याकडे या लढाईचा आवाज फारसा आला नाही, आणि त्याची कारणं उघड होती. तेव्हा आपण अजून व्हीसीडीतून पुरते बाहेर पडलेलो नव्हतो. २००७ मध्ये मोझर बेअरनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा आपल्या बाजारात जी खळबळ झाली तिच्यापुढे ब्लू-रे म्हणजे पाहुण्यांच्या घरचं भांडण. फुटपाथवर एका डीव्हीडीत सहा सिनेमे मिळायचे, चित्र कसंही असो. ब्लू-रे चालवणारं प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये इथे ३९,९९० रुपयांना आलं. वर फुल एचडी टीव्ही हवा होता, नाहीतर पाचपट ठिपक्यांचा उपयोग शून्य. आपले टीव्हीचे चॅनेलही तेव्हा एचडीत नव्हते. 

तरी त्या दिवसांत एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी होती. अमेरिकेतले नातेवाईक उन्हाळ्यात येणार होते, आणि तिथे हे प्लेअर मातीमोल भावानं विकले जाणार होते. 'डीव्हीडी पण चालते, घेऊन टाकू का?' असा फोन आला तर निदान काय घेतोय ते माहीत असायला हवं होतं. लॅमिंग्टन रोडवर कुणी 'एचडी' एवढंच सांगून काही गळ्यात मारू लागला, तर डब्यावरची पुढची अक्षरं वाचायला हवी होती.

त्यानंतरच्या काही महिन्यांत बघायची गोष्ट होती किंमत. दोघं भांडत होते म्हणून ४९९ डॉलरचा प्लेअर दीड वर्षात ९९ वर आला. प्रतिस्पर्धी गेल्यावर ब्लू-रेवाल्यांना तशी घाई असणार होती का? फॉरमॅट एक झाला की गोंधळ जातो, हे खरं. पण एक झाला की हिशेब मागणारंही कुणी उरत नाही. डीव्हीडीच्या वेळी निदान दोन्ही गटांना टेबलाशी बसवणारं कुणीतरी होतं. या वेळी एक पक्ष मेला म्हणून भांडण मिटलं, आणि खर्च मयताच्या गिऱ्हाइकांवर पडला.

शिवाय प्रश्न असाही होता की जिंकलेली जागा किती दिवसांची. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्सवरून सिनेमे भाड्यानं द्यायला सुरुवात केली, एचडीसुद्धा. नेटफ्लिक्स २००७ पासून चकतीशिवाय थेट नेटवरून सिनेमे दाखवत होतं. आपल्या तेव्हाच्या २५६ केबीपीएसच्या 'ब्रॉडबँड'वर हे स्वप्नच होतं, पण हॉस्टेलमध्ये सिनेमे कसे फिरायचे ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे चकती तेव्हाच म्हातारी झाली होती.

तोशिबाला हे कळलं असावं. १९ फेब्रुवारीच्या पराभवाच्या बातम्यांत तिचीच दुसरी घोषणा बरीचशी झाकली गेली. त्याच दिवशी कंपनीनं जपानमध्ये फ्लॅश मेमरीचे दोन नवे कारखाने उभारणार असल्याचं सांगितलं, खर्च १.७ लाख कोटी येनांहून जास्त. एचडी डीव्हीडीतून तोशिबा बाहेर पडतेय ही कुणकुण लागताच तिचा शेअर पडला नाही, वर गेला. फ्लॅश मेमरी म्हणजे तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये असते ती.